वीस मीटरचे वर्तुळ

ड्रेसेज हा घोडेस्वारीचा असा प्रकार आहे की ज्यात अडथळे ओलांडायचे नसतात आणि शर्यतही नसते. आखीव रिंगणात, ठरवून दिलेल्या क्रमाने घोडा चाल बदलतो, वळतो, थांबतो, आडवा सरकतो आणि हे सारे स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर किती सहजतेने घडले ते परीक्षक पाहतो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवल्यावर हे नाव भारतात अनेकांच्या कानांवर प्रथमच पडले. मात्र नोकरी सांभाळून, क्लबच्या घोड्यावर, आठवड्यातले मोजके तास शिकणाऱ्या प्रौढ स्वाराचा अनुभव पदकापासून फार दूरचा असतो, आणि त्यातला आनंद कशाचा असतो हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा उमगत नाही, कारण बाहेरून दिसण्याजोगे त्यात फारसे काही घडत नाही.

शिकणाऱ्याची पहिली खरी प्रगती त्याच्या मांडीखाली घडते. घोड्याची ट्रॉट, म्हणजे मराठीतली दुडकी, ही दोन ठोक्यांची चाल असून तीत पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतात. स्वार एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठतो आणि दुसऱ्याला बसतो, आणि रिंगणात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हाच उठावे असा नियम आहे, कारण त्यामुळे आतला मागचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी स्वार खोगिरात असतो. नवशिका हे खाली वाकून, खांद्याकडे पाहून ताडतो. खाली पाहिले की त्याचे डोके आणि वजन पुढे झुकते, आणि त्याचा तोल बिघडल्याने घोड्याचाही बिघडतो. काही महिन्यांनी मात्र केव्हातरी पहिल्या पावलालाच, समोर पाहत असताना, आपण बरोबर ठोक्याला उठलो आहोत हे कमरेला कळते. प्रशिक्षकाला त्यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही, पण शिकणाऱ्याच्या लेखी हा लहान विजय नाही: आपल्याखालच्या चार पायांपैकी कोणता कुठे आहे याची त्याला आता स्वतःची खबर मिळू लागलेली असते.

त्यानंतरची मोठी कसोटी वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाची. प्राथमिक परीक्षेचे रिंगण २० बाय ४० मीटरचे असते, कडेने ठरावीक जागी इंग्रजी अक्षरे लावलेली असतात, आणि ए या अक्षरापाशी सुरू केलेले वर्तुळ एका लांब बाजूला कोपऱ्यापासून दहा मीटरवर, मग रिंगणाच्या मध्यबिंदूला, म्हणजे एक्सला, मग दुसऱ्या लांब बाजूला तितक्याच अंतरावर स्पर्श करून पुन्हा ए वर यायला हवे. कागदावर याहून सोपे काही नाही. प्रत्यक्षात घोडा पागेच्या दाराकडे फुगतो, विरुद्ध बाजूला आत कलतो, आणि वर्तुळाचे अंडे होते. घाबरलेला नवशिका आतला लगाम ओढतो, त्याने घोड्याची मान तेवढी वळते आणि खांदा बाहेरच निसटतो. हे निसटणे थांबते ते आतल्या पोटरीने घोड्याला बाहेरच्या लगामाकडे हलकेच ढकलल्यावर, आणि तेव्हा तो लगाम ताणायचा नसतो, फक्त हाताशी कायम राहू द्यायचा असतो.

याच टप्प्यावर हाफ-हॉल्ट हा शब्द सतत कानी पडू लागतो. स्वाराने पाय क्षणभर लपेटायचे, पाठ ताठ ठेवून खोगिरात खोल बसायचे, ओला स्पंज पिळावा तशी बाहेरच्या लगामावरची बोटे मिटायची आणि लगेच सैल सोडायची: एवढीच ही क्रिया असून तिने घोडा थांबत नाही, तर मागचे पाय अधिक आत घेऊन पुढच्या सूचनेसाठी सावध होतो. उभ्या घोड्याचे निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असते. ते हळूहळू मागे नेणे हे साऱ्या प्रशिक्षणाचे सूत्र आहे. शिकणारा बहुधा बोटे मिटतो पण सोडायला विसरतो, आणि सोडल्याशिवाय घोड्याला उत्तर देण्याची जागाच मिळत नाही. ज्या दिवशी सोडणे वेळेवर जमते, त्या दिवशी समोरची मान आपोआप गोलसर होते, खालची पाठ वर येते, लगामाचे वजन हातात जाणवेनासे होते आणि दुडकीची उसळी बसायला सोपी होते. हे चार-पाच पावलेच टिकते, आणि तरीही स्वार घरी जाऊन रात्रभर तेच आठवत राहतो, कारण अंगावर बसलेली माशीही जाणवणाऱ्या जनावराने त्याची सूचना ओळखून उत्तर दिलेले असते.

ही विद्या मुळात लष्करी शिस्तीत वाढली आणि ऑलिंपिकमध्ये १९४८ पर्यंत ती सैन्याधिकाऱ्यांपुरतीच राहिली. १९५२ साली हेलसिंकीला नागरिकांना आणि स्त्रियांना प्रवेश मिळाला, तेव्हा पोलिओने गुडघ्याखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. हौशी स्वाराला हे उदाहरण धीर देणारे आहे, कारण इशारा देण्यात पायांच्या बळापेक्षा मांड आणि वेळ साधणे महत्त्वाचे ठरते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

स्पर्धेत प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात. सहा म्हणजे समाधानकारक, पाच म्हणजे जेमतेम. वर्तुळाच्या रकान्यात पाचाचे सहा होणे आणि शेजारी परीक्षकाने ‘लय चांगली’ एवढे दोन शब्द लिहिणे, हे शिकणाऱ्याला कित्येक महिने पुरते. प्रगती मात्र सरळ रेषेत होत नाही. घोडा बदलला की अर्धे हातचे जाते, आणि प्रत्येक घोड्याची एक बाजू मुळातच ताठर असल्याने डावीकडे जमलेले उजवीकडे जमेलच असे नसते. शिवाय स्वाराचाही एक नितंब जड पडत असतो, आणि कोणाचा वाकडेपणा कोणाला लागला हे ठरवायला पुष्कळ सराव लागतो. फ्रेंच अश्वविद्यातज्ज्ञ ला गेरिनिएर यांनी १७३३ च्या ग्रंथात मांडलेली शोल्डर-इन, म्हणजे भिंतीलगत चालताना घोड्याचे खांदे आत घेऊन त्याला आतल्या पायाभोवती वाकवण्याची क्रिया, शिकणाऱ्याला प्रथम साधते ती बहुधा सोप्या बाजूला, आणि मग तो स्वतःहून घोडा वळवून अवघड बाजूने पुन्हा करून पाहतो.