लोणा

दुसऱ्या वर्षाला सेशनलमध्ये प्रश्न आला होता : विटांच्या भिंतीवर पांढरी पूड का येते? चार मार्कांचा. मी कारणं लिहिली, आकृती काढली, खाली पट्टीनं रेघ मारली. साडेतीन मार्क मिळाले. त्याच महिन्यात आमच्या घराच्या भिंतीवर तोच प्रश्न आला आणि मी तो ऑप्शनला टाकला. त्याची ही गोष्ट.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा बुलडाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. घर बांधताना बाबांनी तेच पाणी वापरलं, कारण दुसरं नव्हतंच. त्यामुळे भिंतीला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत कायमचा लोणा. वर पावसाळ्यातल्या शेवाळाचे काळे ओघळ. इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नव्हतं. पण ताईचं लग्न ठरलं, मांडव दारात पडणार होता, आणि आईला एकाएकी ती भिंत दिसायला लागली.

तेवढ्यात मोटारसायकलवर एक जण आला. शेजारच्या गावात काम चालू आहे म्हणाला. मशीननं भिंती धुऊन देतो, वरून प्रायमर आणि दोन हात रंग, मालासकट १८ रुपये फूट. तीन दिवसांत घर चकाचक, दहा वर्षं पाहायचं काम नाही. आज हो म्हटलं तर हा भाव, उद्याचं सांगता येत नाही.

बाबांचा मला फोन आला. आम्ही रूमवर पत्ते खेळत बसलो होतो.

"तू तं हेच शिकून राह्यला ना बावा? कसं करू मंग? देऊ का त्याले काम?"

मागून आईचा आवाज, "पोराले काहून तरास देऊन राह्यले? परीक्षा हाये त्याची."

माझ्या हातात तीन एक्के होते. मी म्हणालो, "द्या ना बाबा, चांगलंच आहे." फोन मिनिटभरही चालला नसेल.

लग्नाला घरी गेलो तेव्हा घर खरंच चमकत होतं. बदामी रंग, त्यावर लाइटच्या माळा. पाहुण्यांनी तारीफ केली. बाबा म्हणाले, "पोराले विचारूनच केलं." मीही मान डोलावली.

दिवाळीला गेलो तर भिंतीला महारोग झाल्यासारखे पोपडे. बोट लावलं की रंग पापडासारखा हातात यायचा, आणि मागे पांढरी भुकटी. लोणा आता खिडकीपर्यंत चढला होता. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त! बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी, जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं, ते नोव्हेंबरमध्ये केलं. टेप घेतला. घर ३६ बाय ३०, म्हणजे परीघ १३२ फूट. पॅरापेटसकट उंची १४. झाले १,८४८ चौरस फूट. दोन दारं आणि आठ खिडक्यांचे १८४ वजा केले तर १,६६४. त्यानं लावले होते २,४००. म्हणजे ४३,२०० रुपये घेतले; आमच्या मापानं होतात २९,९५२. नुसत्या मापातच १३,२४८ रुपयांची टोपी! बाबांनी मापताना पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. त्यानं पावलं टाकून मोजलं आणि कागदावर आकडा लिहून दिला. समोरचा माणूस आत्मविश्वासानं बोलला की आपल्याला टेप मागायची लाज वाटते.

आईला विचारलं, डबे किती आले होते? म्हणाली, एकच बादली, तीच आता गुरांच्या पाण्याला आहे. जाऊन पाहिली, २० लिटरची. बाहेरच्या रंगाचा एक लिटर दोन हातांत साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. म्हणजे आमच्या घराला तीस लिटर तरी लागणार. वीस लिटरमध्ये दोन हात झाले, याचा अर्थ एक तर पाणी मारलं, नाही तर दुसरा हात झालाच नाही. हे गणित दहावीच्या मुलालाही येईल.

पण मुख्य घोटाळा धुण्यात होता. आईनं सांगितलं, बाटल्यांतून काहीतरी ओतलं, भिंतीतून धूर निघाला, ठसका लागला. तो अॅसिड. हायड्रोक्लोरिक अॅसिडनं पांढरे डाग क्षणात जातात, बघणारा खूश होतो. पण अॅसिड प्लास्टरमधल्या चुन्यालाही खातं आणि त्यातून तयार होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून भिंतीतच मुरतं. ते भरपूर गोड्या पाण्यानं धुऊन काढावं लागतं. यानं धुतलं आमच्याच बोअरच्या पाण्यानं! आयएस ४५६ : २००० मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम दिली आहे, ती आम्ही पाठ करतो. आणि इथे मशीनच्या जोरानं खारं पाणी भिंतीत ठासलं गेलं, ओल्यावरच रंग लागला. पाणी बाहेर पडताना मीठ घेऊन आलं, रंगाच्या पाठीमागे त्याचे स्फटिक झाले, आणि त्यांनी रंग ढकलून दिला. माझ्या साडेतीन मार्कांचं उत्तर हेच होतं.

त्याचा नंबर लावला. बंद. शेजारच्या गावात चौकशी केली, तिथे असं कोणतं काम झालंच नव्हतं. बुलडाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. १९१५ हा हेल्पलाइन नंबरही आहे. पण तक्रार कोणाविरुद्ध? आमच्याकडे ना पावती, ना पत्ता, ना पूर्ण नाव. २५,००० अॅडव्हान्स रोख दिले होते, उरलेले मांडव पडायच्या गडबडीत. सगळे मिळून सहाएक क्विंटल कापसाचे पैसे. सहा क्विंटल कापूस वेचायला किती हात किती दिवस वाकतात, ते मला माहीत आहे, कारण त्यात आईचेही हात असतात.

या उन्हाळ्यात आम्ही गावातल्याच रंगारी काकांना बोलावलं. मी मुद्दाम घरी थांबलो. काकांनी आल्या आल्या भाव सांगितला नाही. आधी भिंतीला हात लावत घराभोवती फिरले, मोरीचं पाणी जोत्यात मुरत होतं ते दाखवलं. "आधी हे बंद करा. भिंतीचं माणसासारखंच हाये. अंगातला ताप उतरल्याबिगर आंघोळ घालू नये." मग कोरड्या ब्रशनं लोणा झाडला, भुकटी सुपात गोळा करून लांब फेकली. शेवाळ घासून काढलं. नळाचं गोडं पाणी साठवून तेवढ्यानंच भिंत धुतली. नंतर तीन आठवडे काहीच केलं नाही. बाबांचा जीव वरखाली, काकांचं एकच, "वाळू द्या." मग क्षार सोसणारा प्रायमर, मग रंग. डबे आमच्यासमोर फोडले. टेप दोघांनी दोन टोकांना धरला. माप, भाव, किती हात, पैसे कधी किती, हे साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या. अॅडव्हान्स फक्त मालापुरता, तोही दुकानदाराला. शेवटचा हप्ता काकांनी स्वतःच एक पाऊस पडून जाईपर्यंत मागितला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी दिवाळीच्या किंवा लग्नाच्या आधी कोणीतरी 'आजच्या आज' म्हणत दारात येईल. त्याचं आधीचं एक काम जाऊन पाहा, तेही एक पावसाळा झालेलं. घाई त्याला असते, भिंतीला नसते.

लोणा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पाणी खारं आहे तोवर तो थोडाफार येणारच, तसं काकांनीही आधीच सांगितलं होतं. खोटं न बोलणारा कारागीर मी असा ओळखायला शिकलो.

परवा बाबांचा फोन आला होता. मोटार जळाली, गुंडाळून घेऊ की नवीन आणू, विचारत होते. रूमवर डाव रंगात आला होता. मी पत्ते पालथे ठेवले आणि वही घेऊन व्हरांड्यात गेलो.