मनूचा मासा आणि आमच्या काचेच्या पेट्या

मत्स्यावताराची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील प्रलय, नौका आणि माशाच्या शिंगाला बांधलेला दोर एवढेच बहुधा आपल्या स्मरणात राहते. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आली आहे, तिचा पूर्वभाग आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. चीरिणी नदीच्या तीरी तप करीत असलेल्या मनूकडे एक इवलासा मासा येतो आणि मोठ्या माशांपासून अभय मागतो. मनू त्याला रांजणात ठेवतो. मासा वाढतो, रांजण अपुरा पडतो. मग मनू त्याला दोन योजने लांब आणि एक योजन रुंद अशा वापीत नेऊन सोडतो. तेथेही काही काळाने त्याला हालचाल करता येईनाशी होते. पुढे गंगा, आणि गंगाही अपुरी पडल्यावर समुद्र. या साऱ्या प्रवासात ‘आता पुरे, आहे तेथेच राहा’ असे मनू एकदाही म्हणत नाही. आश्रय दिला तो त्या दिवशीच्या इवल्या माशाला नव्हे, तर पुढे तो जेवढा होईल तेवढ्या माशाला, हे त्याने मनोमन ओळखले होते.

अलीकडे इंदुरातील अनेक घरांच्या बैठकीत काचेच्या पेट्या आल्या आहेत. मुलांना आनंद, पाहुण्यांना कौतुक आणि थकल्या डोळ्यांना विसावा, असे तिचे तिहेरी सुख आहे, आणि त्यास आमची हरकत नाही. आमची चिंता आहे ती त्या पेटीत जाणाऱ्या मिशाळ माशांविषयी. शास्त्रीय ग्रंथांत यांना मार्जारमीन म्हणतात. कोकणातल्या वाचकांस समुद्रातला शिंगाळा आणि देशावरच्यांस नदीतला शिवडा व मांगूर परिचित आहेत, त्यांचीच ही परदेशी भावंडे. दुकानात दोन मासे हटकून मिळतात. एक ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा, रुपेरी, बोटभर लांबीचा. तो शार्क मुळीच नव्हे. तो मेकाँग नदीचा पंगास. दुसरा ‘सकर’, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा. याचे मूळ दक्षिण अमेरिकेत. दोन्ही त्या वयात दोन-तीन इंचांचे असतात, आणि दोन फुटी पेटीत शोभून दिसतात.

आता त्यांचे पूर्ण वय पाहा. पंगास सव्वा मीटरहून अधिक, म्हणजे चार फुटांवर वाढतो आणि त्याचे वजन चाळीस किलोच्या पुढे गेल्याची नोंद आहे. त्याचाच मेकाँगमधला थोरला भाऊबंद २००५ साली थायलंडमध्ये सापडला, तो २९३ किलोचा होता. सकर दीड फुटापर्यंत जातो. हौशी लोक मोठ्या अभिमानाने आणतात तो लाल शेपटीचा, ॲमेझॉनमधला मिशाळ तर मीटरभर सहज होतो. हे सारे चमत्कार नव्हेत. मासा बहुधा आयुष्यभर वाढतच राहतो, एवढाच निसर्गाचा नियम आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. ‘मासा पेटीच्या मापानेच वाढतो’, असे विकणारा सांगतो आणि घेणारा समाधानाने मान हलवतो. या वाक्यात जेवढे सत्य आहे, तेवढेच ते दुःखद आहे. लहान पेटीत माशाच्या मलमूत्रातून अमोनिया साचतो, पाणी लवकर बिघडते, आणि त्या विषाने व कोंडमाऱ्याने वाढ खुंटते. पाठीचा कणा वाकतो, परांची टोके झडतात, आणि दहा-पंधरा वर्षे जगू शकणारा जीव दोन-तीन वर्षांत संपतो. उपासमारीने मूल खुजे राहिले तर ‘घराच्या मापाने वाढले’ असे आपण म्हणत नाही.

वकिली पेशात आकडे तपासण्याची सवय लागते, म्हणून थोडे गणित मांडतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. माशाच्या लांबीच्या निदान चौपट पेटीची लांबी आणि त्याला वळता यावे म्हणून दुप्पट रुंदी, असा बेताचा हिशेब धरू. दीड फुटी सकराला सहा फूट लांब व तीन फूट रुंद पेटी हवी. दोन फूट खोली धरली तर पाणी हजार लिटरांहून अधिक. चार फुटी पंगासाला सोळा फूट लांब, आठ फूट रुंद व चार फूट खोल हौद लागेल, म्हणजे साडेचौदा हजार लिटर. एका लिटरला एक किलो हे ध्यानी घेतले, तर साडेचौदा टन भार झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात तो कोण ठेवणार? शिवाय पंगास कळपाने राहणारा व बुजरा मासा आहे. दचकला की काचेवर जाऊन आदळतो.

आमच्या आळीतील एक सेवानिवृत्त शिक्षक गतवर्षी याच विवंचनेने आमच्याकडे आले होते. नातवासाठी आणलेला बोटभर ‘शार्क’ सव्वा फुटाचा झाला होता. पेटी तीन फूट लांब, पण रुंदीला फूटभरच. वळताना त्याचे शरीर कमानीसारखे वाकत असे. दुकानदार परत घेईना. गुरुजी म्हणाले, ‘वकीलसाहेब, सिरपूरच्या तलावात सोडून देतो. जीव सुटेल, आणि पुण्यही पदरी पडेल.’ त्यांच्या मनातील करुणा खरी होती; पण हे पुण्य नव्हे, असे आम्हांस सांगावे लागले. दोन आठवडे चौकशी केल्यावर शहराबाहेर पक्क्या हौदात पंगासच पाळणारे एक गृहस्थ मिळाले व मासा तेथे गेला. नातू रडला, पण जातेवेळी हौदात वाकून पाहत त्याने ‘आजोबा, तो सरळ पोहतो आहे’ असे म्हटले, ते गुरुजींनी आम्हांस दोनदा सांगितले.

सिरपूर आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर, ही आमची दोन्ही पाणथळ स्थाने २०२२ साली रामसर यादीत गेली. अशा पाण्यात परका मासा सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता बिऱ्हाड घालणे होय. सकराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अंगावर हाडांचे कवच असल्याने त्याला खाणारे थोडे. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. अंडी घालण्यासाठी काठात बिळे पोखरतो. भीमेवरील उजनी जलाशयात तो माजला आणि कोळी बांधवांच्या जाळ्यांत खाण्याच्या माशांऐवजी तोच येऊ लागला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात ती निराळीच. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला. आपल्या देवळांच्या तळ्यांविषयी तर विशेष सांगावेसे वाटते. घरी नकोसा झालेला मासा देवाच्या तळीत सोडला की आपण मोकळे झालो, असे कित्येकांस वाटते. महाडजवळ वाळणकोंडीत देवीच्या नावाने राखलेले मासे तेथल्याच नदीचे आहेत; श्रद्धेने त्यांचे रक्षण झाले. परक्या माशाने तळीतले मूळचे जीव नाहीसे झाले, तर त्या श्रद्धेचा अर्थ काय उरला?

कायद्याचीही साक्ष काढतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम ‘प्राणी’ या शब्दात मनुष्येतर प्रत्येक सजीव धरतो, अर्थात मासाही. त्याच्या ११ व्या कलमात असे आहे की, ज्या पिंजऱ्याची वा पात्राची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्यास पुरेशी नाही, त्यात त्याला कोंडणे हा अपराध होय. मूळ अधिनियमात पहिल्या अपराधाला दंड फार तर पन्नास रुपये. दंड क्षुल्लक आहे, आणि सव्वा फुटी माशासाठी कोणी फिर्याद केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तरीही हे कलम वाचताना आम्हांस त्या वापीची आठवण होते. मासा वळू शकतो की नाही, हाच प्रश्न व्यासांनी विचारला आणि संसदेनेही तोच विचारला.

तेव्हा ज्यांस हौस आहे त्यांनी ती जरूर पुरवावी. कोरिडोरस जातीचे मिशाळ दोन-तीन इंचांवर थांबतात. अडीच फुटी पेटीत सहा-सात जणांचे टोळके सुखाने नांदते. शेवाळ खाणाराच हवा असेल तर ब्रिसलनोज पाच इंचांच्या आसपास राहतो. दुकानात मात्र किंमत विचारण्यापूर्वी माशाचे खरे नाव, पूर्ण वाढीची लांबी आणि आयुष्य, या तीन गोष्टी विचाराव्यात. आणि उत्तर मिळाल्यावर घरी जाऊन पेटीला फूटपट्टी लावावी. मनूपाशी पुढे समुद्र होता. आपल्यापाशी पेटीच आहे, म्हणून आश्रय देण्यापूर्वीच तिचे माप घेतलेले बरे.