पंचाहत्तर वॅट

जीटीएक्स ७५० टीआय नावाच्या ग्राफिक्स कार्डाची माहिती वाचत होते. २०१४ सालच्या फेब्रुवारीत ते बाजारात आलं. खालच्या तक्त्यात विजेचा आकडा होता: साठ वॅट. तिथे मी थांबलेच. आमच्या माजघरात साठचा बल्ब होता. जेवणं, अभ्यास, भांडणं, आजीची पोथी, सगळं त्या एका पिवळ्या बल्बखाली चालायचं. तेवढ्याच विजेत हे कार्ड अख्खं अरण्य उभं करतं. पान न पान हलतं, डोहात आभाळ उतरतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पुन्हा नव्याने रंगवलं जातं.

वाचायचं निमित्त शेजारच्या मुलीचं. ती ॲनिमेशन शिकते. वडिलांनी तिला कुठल्याशा ऑफिसातून बाहेर पडलेला संगणक आणून दिला, डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१०, मिनी टॉवर. असे संगणक सध्या पुष्कळ दिसतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ संपली, आणि विंडोज ११ इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर मागतं. या २०१२ च्या डब्यात आहे तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह ३४७०. चार कोअर, पंखा गुपचूप, लोखंड दणकट. त्याला काहीही झालेलं नाही, तरी तो म्हातारा ठरला. मुलीने त्यावर लिनक्स घातलं, ॲनिमेशनसाठी ब्लेंडर घातलं आणि एका संध्याकाळी दारात येऊन विचारलं, "काकू, याला ग्राफिक्स कार्ड झेपेल का हो?"

प्रश्न मला फार आवडला. सगळ्यात भारी कार्ड कोणतं, हे विचारणारे खूप भेटतात. घरात आधीपासून असलेल्या वस्तूची बाजू घेऊन विचारणारे थोडे.

बाजूचं झाकण काढलं. पॉवर सप्लायच्या अंगावर एक लेबल असतं. संगणकातला माझा सर्वांत आवडता मजकूर तो. तिथे जाहिरात नसते, नुसती कबुली असते: मी इतकं देईन. इथे लिहिलं होतं २७५ वॅट. प्रोसेसरचे ७७. बोर्ड, डिस्क, रॅम, पंखे यांचे मिळून चाळीस-पन्नास धरा. कार्डाला पंचाहत्तर दिले तरी बेरीज दोनशेच्या आसपास राहते. बेरजेत जागा होती. पण ती वीज कार्डापर्यंत पोचणार कोणत्या वाटेने, हे बेरीज सांगत नाही.

कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं तो पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट स्वतःच पंचाहत्तर वॅट देऊ शकतो. १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅट, आणि ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे जेमतेम दहा. ज्यांची भूक याहून मोठी, त्या कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची आणखी पंचाहत्तर वॅट आणते, आठ पिनांची दीडशे. या डब्यात तशी वायरच नव्हती. पत्रं छापणाऱ्या आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसांसाठी तो घडवला होता, त्यांना ती कशाला लागणार? म्हणजे उत्तर मिळालं. स्लॉट देईल तेवढंच. पंचाहत्तर, त्यापुढे नाही.

अशी मोजून मिळणारी वीज मला नवी नव्हती. लहानपणी आम्ही राहायचो त्या साताऱ्याच्या वाड्यात मीटर जिन्याखाली होता. खाली मालक, वर आम्ही, मागच्या खोल्यांत आणखी बिऱ्हाडं, आणि साऱ्यांना मिळून तो एक मीटर. शेजारी लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज. पाच अँपिअरची तार, २३० व्होल्ट. गुणाकार केला तर साडेअकराशे वॅट होतात. एवढ्यात सगळ्यांचा संसार. साडेसातशेची इस्त्री आणि हजाराची शेगडी एका वेळी चालली की वाडा अंधारात. म्हणून इस्त्री लावण्याआधी जिन्यातून हाक मारायची पद्धत होती. "इस्त्री लावू का हो काकू?" खालून उत्तर यायचं, "थांब गं, पाणी तापतंय." मग परकर-पोलक्यावर पाणी शिंपडून, त्याची गुंडाळी करून आम्ही वाट बघत बसायचो. कोणाकडे रेडिओ, कोणाकडे टेबलफॅन, कोणाच्या जावयाने कोणता मिक्सर आणला, हे सगळ्यांना पाठ असायचं. त्यात चौकसपणा होताच, पण वाड्याची वीज जो तो मनातल्या मनात मोजत असे. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा त्या वेळात कोणीही इस्त्रीला हात लावायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. कागदावर कोणी काही लिहिलं नाही आणि ते कोणी मोडलंही नाही.

तरी फ्यूज उडायचाच. तो बांधायचं काम माझ्या आजोबांकडे होतं. मालकांनी ते त्यांच्यावर सोपवलं होतं, कारण आजोबा घाई करत नसत. मी बॅटरी धरायची. ते मेन स्विच खाली ओढत, फ्यूज उपसत, काळ्या पडलेल्या खाचेतून जळक्या तारेचे मणी नखाने काढत. मग रिळावरची केसासारखी तार दोन स्क्रूंमध्ये बसवत. फार ताणायची नाही, ढिलीही सोडायची नाही. एकदा मागच्या बिऱ्हाडातले काका वैतागून म्हणाले, "अण्णा, जाड तार घाला की एकदाची, कटकट मिटेल." आजोबांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "तार जळतेय ते बरं आहे. जाड घातली तर भिंत जळेल." भिंतीवर लाकडी पट्ट्यांमधून वायरी गेल्या होत्या, रबराच्या, वरून कापड गुंडाळलेल्या, आजोबांच्या तरुणपणातल्या. वर सागाच्या तुळया. एवढ्या सगळ्याच्या वतीने ती बारीक तार आधी जायची. घरातल्या कुठल्या गोष्टीने सगळ्यांत आधी तुटायचं, हे ठरवून ठेवण्यात केवढी माया असते, ते मला त्या जिन्याखाली कळलं. पुढे शाळेत विजेचा धडा आला तेव्हा त्यात मला नवीन काही नव्हतं.

संगणकातही अशी पळवाट असते. डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीपासून सहा पिनांची वायर करून देणारे जोड बाजारात मिळतात. किंमत फार नसते. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्याच्यामागे पंचाहत्तरची भूक लावली की प्लॅस्टिक तापतं, वितळतं. मुलगी म्हणाली, मैत्रिणीने तसा जोड लावलाय आणि चाललंय. चालत असेलही. मी तिला जाड तारेची गोष्ट सांगितली.

बाकीचं लवकर तपासून होतं. डब्याची लांबी टेपने मोजायची. बायॉस नव्या आवृत्तीवर न्यायचा, कारण जुन्या बायॉसला नवं कार्ड ओळखता आलं नाही तर पडदा काळाच राहतो. रेडिऑन आरएक्स ६४०० या २०२२ च्या कार्डाने थोडा मोह घातला. वीज फक्त ५३ वॅट. पण डेटाच्या सोळा लेन असलेल्या स्लॉटमध्ये बसूनही ते चारच लेन वापरतं. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या आवृत्तीवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे आठ जीबी जातात. या बोर्डावर तिसरी आवृत्ती आहे. इथे त्याच्या निम्मे. नवी सून हुशार असली तरी घराची बोली वेगळी. आणि जुना प्रोसेसर नव्या कार्डाला किती अडवेल, म्हणजे बॉटलनेक अमुक टक्के, असं छातीठोक सांगणाऱ्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. गर्दीचा गेम खेळताना हा जुना प्रोसेसर धापा टाकेल. ब्लेंडरमध्ये रेंडरचा भार कार्डावर टाकला की तोच बराचसा निवांत बसेल. काम काय आहे हे न विचारता टक्के कसले काढायचे?

शेवटी जीटीएक्स १६५० ठरलं. २०१९ चं, चार जीबी मेमरीचं, बरोबर पंचाहत्तर वॅटचं. याच नावाची काही कार्डं सहा पिनांच्या जोडासकट येतात, म्हणून नुसतं नाव वाचून पैसे देऊ नयेत, कार्डाची कड बघावी. आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीतून जाताना दुकानांत एलईडीचे ढीग लागले होते. साठच्या बल्बाएवढा उजेड आता नऊ वॅटचा एलईडी देतो. दिव्यांनी एवढं वाचवलं आणि सगळ्यात मोठी कार्डं एकेकटी पावणेसहाशे वॅटपर्यंत गेली. मला स्वतःला लहान कार्डं आवडतात. एक पंखा, रंगीत दिवे नाहीत, एका हातात मावणारी.

मुलगी जत्रेतल्या पाळण्याची फिल्म करते आहे. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. आधी नुसत्या प्रोसेसरवर रेंडर रात्रभर चालायचं आणि सकाळी उठून ती जे आलं असेल ते गोड मानून घ्यायची. संथपणाने हाताला शिस्त लागते, असं तिचे सर म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. वाट फार बघावी लागली की माणूस नवं करून बघायला भितो. कार्ड बसवल्यावर तिने पाळण्यावरचा एक दिवा इकडून तिकडे हलवत संध्याकाळ घालवली आणि सरतेशेवटी तो काढूनच टाकला. पाळणा एकदम उंच दिसायला लागला.

आता ती आवाजाच्या मागे लागली आहे. खरी जत्रा रेकॉर्ड करायची म्हणते. मी तिला कराडजवळच्या पालचं नाव सांगितलं. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं. पण मोठ्या पाळण्याजवळ जाऊ नकोस म्हटलं, तिथे जनरेटरशिवाय काही ऐकू येणार नाही. कडेला कुठेतरी हाताने फिरवायचा लाकडी पाळणा असेल, चार पोरं बसतात तेवढा. करकर त्याचीच चांगली येते.