निम्मी चूक कुणाची?
देवरीजवळ महामार्ग 53वर काकाजींचा पाय ट्रकने चिरडला. आता गोंदियाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा एकच धोशा: मोटारसायकलवर तिघे होते, म्हणजे निम्मी चूक तुमचीच. मला हे मुळीच पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिक खटल्यात स्पष्ट केलंय: तिघे बसणं हा नियमभंग खरा, पण त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. पंचनाम्यात तर ट्रकच्या ब्रेकच्या खुणा डांबर सोडून मुरमाच्या साइडपट्टीवर, आमच्या बाजूला उतरल्यात! मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर इजेसाठी दोष सिद्ध न करता अडीच लाख मिळतात. पण चिखलात उभं राहून धानाची रोवणी काकाजी आता कशी करणार? म्हणून ट्रकचा दोष सिद्ध करून पूर्ण भरपाईसाठी दावा कलम 166 खालीच लढवू.