केसभर अंतर

निवृत्तीनंतर त्यांनी सुट्या भागांचे संच आणून लाकडी बॉलपेने करण्याचा छंद लावून घेतला होता. त्या दिवशी हाती होता वडिलांच्या मोडलेल्या मेजाचा अखेरचा सागवानी तुकडा. 7 मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात पितळी नळी चिकटवली होती. कातकाम निर्दोष उतरले होते. उरली होती जोडणी. टोक नीट बसले. मात्र मागची फिरकी शेगड्यात धरून दाबताना हात केसभर पुढे गेला. कितीही फिरवले तरी रिफिल आत जाईना.

कमी दाबलेला भाग पुन्हा दाबता येतो. जास्त दाबलेला सहजी परतत नाही. म्हणून थोडे दाबावे, रिफिल घालून पाहावे, मगच पुढे जावे. हे त्यांना ठाऊक होते. शेवट दिसू लागला, तशी घाई झाली.

रिफिल काढून, टोकातून बारीक सळई घालून ते हलकेच ठोकू लागले. जोर वाढला असता तर लाकूड तडकले असते. बऱ्याच वेळाने फिरकी किंचित मागे सरली. रिफिल आत गेली, बाहेर आली.

वरचा अर्धा भाग जोडायचा राहिला होता. तो त्यांनी दुसऱ्या सकाळसाठी ठेवला.