सबवेत पाणी, डिकीत हातोडी!

बालदोस्तांनो, कॅनडासारख्या बर्फाळ देशांत हिवाळा तोंडावर आला, की लोक गाडीच्या डिकीत फावडं, घोंगडी आणि मेणबत्त्या टाकतात. बर्फात अडकलोच, तर मदत येईपर्यंत तग धरायला हवा ना! मुंबईत बर्फ कुठला? पण गाड्यांची परीक्षा पाहणारा ऋतू आपल्याकडेही आहे. तो जूनमध्ये येतो.

चला, अंधेरीच्या सबवेपाशी जाऊ या. वर धडधडत जाणारी लोकल आणि खाली पूर्व-पश्चिम जोडणारा रस्ता. एरवी इथे हॉर्नचा गोंगाट असतो. जोराचा पाऊस झाला, की मात्र इथे तळं साचतं. असं का होतं, ठाऊक आहे? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरांवरचं बरंच पाणी नद्या-नाल्यांतून पश्चिमेला समुद्राकडे धावतं. सबवे म्हणजे रस्त्याचा सगळ्यात खोल भाग. त्यात समुद्राला मोठी भरती असली, तर नाल्यांचं पाणी बाहेर पडणार कुठून? पलीकडे घाटकोपर-मुलुंडच्या बाजूलाही लालबहादूर शास्त्री मार्गावर पाणी तुंबतं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गंमत म्हणजे त्याच वेळी कुलाब्यात 100 मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता! उपनगरांत मात्र हाहाकार उडाला. काचा बंद करून गाडीत बसून राहिलेली काही माणसं गुदमरून दगावली. जुलै 2019 मध्ये मालाडच्या सबवेत गाडी बुडाली आणि आतल्या दोघांना बाहेर पडता आलं नाही.

बाहेर पडणं इतकं अवघड का? कारण बाहेरचं पाणी दाराला घट्ट दाबून धरतं. विजेवर चालणाऱ्या काचा भिजल्या, की त्याही हटून बसतात. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं, तर ते बंद पडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. म्हणून अशी गाडी पुन्हा पुन्हा सुरू करायला गेलं, तर इंजिनाचे दांडे वाकतात.

तेव्हा मे महिना संपायच्या आत आई-बाबांना घेऊन कामाला लागा. वायपरचं रबर चिरलंय का? टायरची नक्षी झिजलीय का? ब्रेक, दिवे, बॅटरी मेकॅनिककाकांकडून तपासून घेतली का? मग एक पिशवी भरा : टॉर्च, शिट्टी, दोरी, पाण्याची बाटली, चिक्की, कोरडे कपडे, भरलेली पॉवर बँक. आणि छोटी टोकदार हातोडी. ती मात्र डिकीत नको! शीर्षकात आम्ही मुद्दामच चकवलं. पाण्यात डिकीपर्यंत पोचणार कोण? हातोडी चालवणाऱ्याच्या हाताशीच हवी.

आता हे पाठच करा. सबवेत पाणी दिसलं, की गाडी आत घालायचीच नाही. खोली वरून कळत नाही, आणि फूटभर पाणीही छोटी गाडी उचलू शकतं. तरी अडकलाच, तर पाणी चढायची वाट पाहू नका. आधी पट्टा सोडा, मग काच खाली करा आणि बाहेर पडा. काच उतरत नसेल, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हातोडी मारा. समोरची काच फोडायच्या नादी लागू नका, तिच्या दोन थरांमध्ये चिकट पडदा असतो. मोठ्यांनी आधी लहानांना बाहेर काढायचं. उंच जागी पोचलात, की महापालिकेच्या 1916 वर किंवा 112 वर फोन करा.

गाडी पुन्हा घेता येते, दोस्तांनो. बाबा "एवढ्याशा पाण्याने काय होतंय!" म्हणाले, तर मागच्या सीटवरून ठणकावून सांगा, "बाबा, गाडी वळवा!"