घरपट्टी थकली म्हणून शिष्यवृत्ती अडली

आयर्लंडमधील क्लेअर काउंटी कौन्सिलने २०१२ साली एक निर्णय घेतला होता. आज आपल्यातील अनेक कुटुंबांची मुले लीव्हिंग सर्टिफिकेटच्या उंबरठ्यावर उभी आहेत, म्हणून त्या निर्णयाची आठवण करावीशी वाटते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तेव्हा या कौन्सिलकडे होते. त्या विद्यार्थ्यांच्या घरी पत्रे गेली, की घरावरील नवा आकार भरल्याचा पुरावा दाखवा. तोवर अर्ज पुढे सरकणार नाही. यावर गदारोळ झाला. पर्यावरण व स्थानिक शासन खात्याचे मंत्री फिल होगन यांनी मात्र कौन्सिलची पाठराखण केली. त्यांचा शब्द होता न्याय. ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे भरले त्यांच्यावर, न भरणाऱ्यांना सवलती मिळत राहिल्यास, अन्याय होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आम्ही त्याच काळात पदव्युत्तर शिक्षणासाठी या देशात आलो होतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हा आकार लागू नव्हता, कारण तो घरमालकावर होता. आणि परदेशी विद्यार्थी म्हणून इथली शिष्यवृत्तीही आम्हाला मिळणार नव्हती. त्या वादात आमचा एक पैचाही संबंध नव्हता. तरीही ती बातमी वाचताना आम्हाला आमच्या गावची ग्रामपंचायत दिसली. रहिवासी दाखल्यासाठी गेलेल्या पोराला खुर्चीतून न उठता दिले जाणारे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे: आधी घरपट्टी आणि पाणीपट्टीची पावती आण, मग दाखला. दाखला नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून फ्रीशिप नाही, आणि फ्रीशिप नाही म्हणून कॉलेज गुणपत्रिका अडवून ठेवते. आमच्या घरची घरपट्टी आईने मजुरीचे पैसे उचल घेऊन भरली होती. ज्या घरांना उचल मिळाली नाही, त्या घरांतील पोरे आमच्याइतकीच हुशार होती. ती आज कुठे आहेत, हे आम्ही जाणून आहोत.

मंत्र्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आयर्लंडमध्ये घरांवरील जुनी पट्टी १९७७ च्या निवडणुकीतील आश्वासनानुसार रद्द झाली, आणि तेव्हापासून कौन्सिले दिवे, रस्ते, ग्रंथालये यांसाठी डब्लिनकडे तोंड करून बसू लागली. पुढे बँका बुडाल्या. २०१० च्या अखेरीस युरोपियन युनियन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याशी सुमारे ८५ अब्ज युरोंच्या मदत कार्यक्रमाचा करार झाला, आणि मालमत्तेवर कर लावणे ही त्यातली एक अट होती. म्हणून २०१२ साठी प्रत्येक निवासी घरावर १०० युरो आकारण्यात आले. ३१ मार्चच्या मुदतीपर्यंत जवळपास निम्म्याच घरांनी ते भरले. ज्यांनी भरले त्यांना आपण मूर्ख ठरलो असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु हे १०० युरो सर्वांना सारखेच होते. डब्लिनच्या समुद्रकिनाऱ्यावरील हवेलीला १०० आणि क्लेअरच्या माळावरील दोन खोल्यांनाही १००. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्राप्तिकर एका मर्यादेखालील उत्पन्नाला शिवत नाही आणि उत्पन्नाबरोबर चढत जातो. शेतसारा मात्र एकरभर जमिनीच्या धन्याला आणि शंभर एकरांच्या धन्याला एकाच दराने लागतो, ही त्यांची तक्रार होती. ज्यांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, त्यांना कराची समानता आणि कराचा न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत हे सांगण्याची गरज नव्हती. होगन यांच्या न्यायात भरणारा आणि न भरणारा एवढीच दोन माणसे होती. ऐपत असलेला आणि ऐपत नसलेला, ही जोडी त्यात कुठेच दिसत नव्हती.

याहून गंभीर बाब पुढे आहे. शिष्यवृत्तीचे पैसे कौन्सिलचे नव्हते. ते शिक्षण खात्याचे होते. अर्ज तपासून वाटप करणे एवढेच कौन्सिलचे काम होते. शिवाय ती शिष्यवृत्ती उत्पन्न पाहूनच मिळत असे. म्हणजे जे घर गरीब आहे हे शासनाने आधीच मान्य केलेले आहे, त्याच घराच्या मानेवर हात ठेवणे सोपे होते. ज्या श्रीमंताने आकार बुडवला, त्याच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्जच नसल्यामुळे त्याला हे पत्र कधी जाणारच नव्हते. त्या वर्षी सर्वांत गरजू विद्यार्थ्याला मिळणारा विशेष दर वर्षाला ५,९१५ युरो होता. १०० युरोंच्या वसुलीसाठी एवढी रक्कम ओलीस धरायची, आणि तीही एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची, ज्याच्या नावावर घरच नाही. बापाच्या नावावरील बाकी मुलाच्या वहीत मांडण्याची ही पद्धत आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

आता कुणी विचारील की शिष्यवृत्तीला अट असूच नये काय? असावी. १९१३ साली बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार झाला होता. ती अट शिकणाऱ्याने शिकून काय करावे याविषयी होती, आणि ज्याने शिकायचे त्यानेच तिच्यावर सही केली होती. वडिलांनी सातारचा कोणता कर भरला होता, असे सयाजीरावांनी विचारले नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळवला. १९४४ पासून सुरू असलेल्या त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवरच आपल्यातील बहुतेकांचे शिक्षण झाले. (गंमत अशी की भारतीय संविधानातील राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानातून घेतलेली आहे. दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याचा अनुच्छेद ४६ त्याच भागात येतो.)

आकार बुडवणाऱ्यांच्या आंदोलनातील सर्व घोषणा आम्हाला पटल्या असे नाही. घरावर कर नकोच, ही मागणी घर असलेल्यालाच सुचते. आज आमच्या नावावर या देशात घर आहे आणि त्यावरील कर आम्ही कुरकुर न करता भरतो. वसुली व्हावी. ती कुठून व्हावी, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शासनाला वर्षभरातच सापडले. २०१३ मध्ये घराच्या मूल्यावर आधारित स्थानिक मालमत्ता कर आला: दहा लाख युरोंपर्यंत ०.१८ टक्के, त्यावरील भागाला ०.२५ टक्के. हवेली आणि झोपडी यांत निदान एवढा फरक केला गेला. थकलेला जुना आकार त्याच वर्षीच्या जुलैपासून २०० युरो करून महसूल विभागाकडे सोपवण्यात आला, आणि हा विभाग घरमालकाच्या पगारातून वा पेन्शनमधून रक्कम कापून घेऊ शकतो. त्यासाठी कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती अडवावी लागली नाही.

शिष्यवृत्तीचे नवे अर्ज २०१२ पासून सुसी या एकाच मध्यवर्ती यंत्रणेकडे जातात. आपल्या मंडळातील पालकांनी नागरिकत्वाची किंवा ठरावीक निवासी दर्जाची अट, आणि मागील पाच वर्षांपैकी तीन वर्षे या देशातील वास्तव्याची अट, दोन्ही आधीच तपासून घ्याव्यात. कागदपत्रांबाबत कुणाला अडचण असेल, तर रविवारच्या वंदनेनंतर आम्ही थांबतो. पत्र कसे लिहावे आणि फेटाळलेल्या अर्जावर अपील कसे करावे, हे आता आम्हाला ठाऊक झाले आहे.